वहिनीचा वॉर्ड

आमच्या घरातून नर्सिंगला हौसेनं कोणी गेलं नाही. मी गेले ती सोबत म्हणून, आणि वहिनी गेली ती तिचं दुसरं काय करायचं हे कोणाला सुचलं नाही म्हणून. तीन वर्षं आम्ही नणंद-भावजय हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलो, एका बादलीत कपडे भिजवले, आणि तिसरं वर्ष संपताना मेट्रनबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो. आत एकेकीला बोलावून विचारत होत्या, आता पुढे कुठल्या कामात जाणार? त्या दिवशी वहिनीला हवं होतं ते मिळालं नाही आणि मला नको होतं ते मिळालं. त्याला एक जन्म होऊन गेला, पण माझा राग गेलेला नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी अजून वाट बघते आहे.

इस्पितळाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या माणसांना मी दोष देते असंही नाही. ज्यांना द्यायचा ती माणसं इस्पितळाबाहेरची होती, आणि त्यातली निम्मी आमच्याच नात्यागोत्यातली.

आम्ही तेव्हा अधारतालला राहत होतो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात, दादाही कारखान्यात. जबलपूरला आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एक तर कारखाना, नाही तर रेल्वे, नाही तर सरकारी कचेरी. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. पासष्टची लढाई सुरू झाली तशा पाळ्या लांबल्या, सुट्ट्या बंद झाल्या. दिवेलागणीला दिवे लावायचे नाहीत, खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना वरच्या बाजूनं काळा रंग. दादा सायकलवरून खमरियाच्या रस्त्यानं पाळीला निघाला होता. समोरून ट्रक आला, त्याला सायकल दिसली नाही. एवढंच झालं. दादा सीमेवर मेला नाही म्हणून हारतुरे नाहीत, आणि कारखान्याच्या फाटकाआत मेला नाही म्हणून कारखान्याचा संबंध नाही. लढाईच्या दिवसांत रस्त्यावर मेलेल्या माणसाला कोण विचारतो?

वहिनीला तेव्हा आठवा महिना लागला होता. माहेर अमरावतीकडचं, वडील नाहीत, भाऊ स्वतःच काकाच्या दारात वाढलेला. दादाचं तेरावं व्हायच्या आत तिला कळा सुरू झाल्या. सुतकाचं घर, त्यात कपाळ पुसलेली बाळंतीण. एरवी आमच्या ओळीतल्या बायका कोणाचं दूध उतू गेलं तरी चौकशीला यायच्या, त्या दिवशी मात्र सगळ्यांना घरात कामं निघाली. बाबांनी टांगा आणून तिला इस्पितळात नेलं. मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. आई बाहेर भिंतीला टेकून बसून राहिली, ती आत गेली नाही. आत वहिनीजवळ केरळची एक सिस्टर होती. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. तिनं वहिनीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली, खूप वेळ. ती काय बोलली ते वहिनीला कधीच कळलं नाही.

"पण ती बोलून तर राहिली होती ना, ताई," वहिनी मला पुढे एकदा म्हणाली. "बाकी कोणी बोललंच नाही माझ्याशी."

त्यानंतरचं वर्ष वहिनी घरातच होती. घरात म्हणजे स्वयंपाकघरात नाही तर मोरीत. आई तिला टाकून बोलली नाही कधी. आई बोलतच नव्हती. बोलायला शेजारणी होत्या. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द मी पहिल्यांदा नळावर ऐकला, आणि जिनं तो उच्चारला तिच्या भरलेल्या घागरीत मी हातातली भांडी घासायची राख टाकली. मॅट्रिकचं वर्ष होतं माझं. तक्रार घरी आली, बाबांनी ऐकून घेतली आणि मला काही बोलले नाहीत. मात्र पुढच्याच महिन्यात कामावरून येऊन चपला काढता काढता म्हणाले, "इस्पितळाच्या नर्सिंगच्या शाळेत पोरी घेऊन राहिले आहेत. दोघींचे अर्ज देऊन आलो."

आईच्या हातातली परात तशीच राहिली. "परक्या माणसांच्या अंगाला हात लावतील?"

"लावतील. आपल्या पायावर उभ्या राहतील."

"अन् पोरीचं लग्न?"

"नर्सांची होतात लग्नं. चलो, जेवायला वाढा."

बाबांना एका फेरीत दोन कामं उरकायची सवय होती. विधवा सुनेला मार्गाला लावलं आणि पोरीला तिची राखण म्हणून दिलं. कोण कोणाची राखण करणार आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

हॉस्टेलात निम्म्याहून अधिक मुली केरळच्या, ख्रिस्ती. सकाळी त्या प्रार्थना करायच्या, नारळाचं तेल लावून वेण्या घालायच्या आणि पांढऱ्या गणवेशात वॉर्डात निघायच्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात बांगडी नाही. त्यांच्या रांगेत वहिनी उभी राहिली की वेगळी ओळखू येत नसे. रंगानं सावळी, केस दाट, आणि हिंदी तर अशी की 'मैं' म्हणताना आधी एक श्वास घ्यायची. पेशंटांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं की ही मद्रासी सिस्टर. त्या काळी नर्मदेच्या पलीकडून दूरवरनं आलेली कोणीही नर्स मद्रासीच असायची. वहिनीनं कोणाला खोटं सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही.

खरं सांगते, आम्ही यावर पोट धरून हसलो आहोत. दादा गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदा हसली ती यावर. मी तिला खोलीत 'आमची मद्रासीण' म्हणायची, रविवारी विचारायची, "काय वो, आज गिरजाघरात नाही जाऊन राहिल्या?" ती माझ्या डोक्यात टपली मारायची. अधारतालला हळदीकुंकू असलं की तिला मागच्या खोलीत बसावं लागे. इथं मोठमोठ्या घरच्या सासवा तिच्या हातातून नातवंडं घेत होत्या, तिच्या हातावर बत्तासे ठेवत होत्या. एकदा दिवा मालवल्यावर ती म्हणाली, "इथं माझं कपाळ कोणी वाचून नाही राहिलं, ताई. किती बरं वाटते."

तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलात एकच विषय होता. पुढं काय? ज्यांना परदेशी जायचं होतं त्या ऑपरेशन थिएटर म्हणत. लढाईत गणवेश बघून ज्यांचं मन बसलं होतं त्यांना लष्करी इस्पितळ हवं होतं. एकीला खेड्यांत फिरून लसी टोचायच्या होत्या, कारण तिला एका जागी बसवत नसे. वेड्यांच्या इस्पितळाचं नाव निघालं की सगळ्या एकमेकींकडे बोटं दाखवत. टीबीचा वॉर्ड कोणी मागत नसे, तिथं पाठवलं जायचं. मला थिएटरच हवं होतं. तिथं माणसाला भूल दिलेली असते, नातेवाईक दाराबाहेर असतात, हत्यारं उकळून मांडून ठेवलेली असतात आणि कोणी कोणाचा हात धरून रडत नाही. माझ्यासारख्या तापट बाईला तेच बरं. लेबर रूममध्ये माझी ड्यूटी लागली की माझं डोकं उठायचं. ते ओरडणं, तो घाम, दारातून डोकावणाऱ्या त्या आत्या न् माम्या.

वहिनीला मात्र तीच खोली हवी होती. तिथंच तिचं मूल गेलं होतं, त्याच खोलीत, आणि मला आधी वाटलं तिला तिथं पाऊल टाकवणार नाही. पहिल्या दिवशी ती दारात थोडी थांबली. मग आत गेली, आणि पाळी संपून गेली तरी तिला बाहेर काढायला मला जावं लागलं. ती बायकांच्या कमरेवर तळहात दाबून धरायची. कळ येऊन जाईपर्यंत हात काढायची नाही, मग भलेही स्वतःचं मनगट सुजो. कोणावर ओरडायची नाही. लेबर रूमच्या मोठ्या सिस्टर, ज्यांच्या तोंडून चांगला शब्द निघाल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्या म्हणाल्या, "यह लड़की यहीं रहेगी." वहिनीनं ते मला येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. तिला जगात काहीतरी हवं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर तिला फक्त सहन करताना पाहिलं होतं.

मग ती मुलगी आली.

कारखान्याच्या क्वार्टरमधली, वर्ध्याकडून लग्न होऊन आलेली, पहिलटकरीण. नवरा पाळीवर, सासू बाहेर बाकावर. मुलीला हिंदी ओ की ठो कळत नव्हतं. मोठ्या सिस्टर ओरडत होत्या, "ज़ोर लगाओ, अभी मत लगाओ," आणि ही चादर दातांत धरून नको तेव्हा जोर लावत होती, हवा तेव्हा अंग आवळून पडत होती. वहिनी तिच्या उशाशी, मी पायाशी. वहिनी तिला हिंदीतच समजावत होती, "हाँ, बस, थोड़ा और." मुलगी तिच्याकडे बघायची आणि डोळे मिटून "आई वो, आई वो," करायची. असं बराच वेळ चाललं. बाळाचे ठोके मंद व्हायला लागले, मोठ्या सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

तेव्हा वहिनी वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "घाबरू नको बापा. मी आहो ना इथं. आता जोर नको लावू, नुसता श्वास सोड. सोड आधी. हां."

त्या मुलीनं डोळे उघडले. परक्या गावात, परक्या आवाजांत तासन् तास पडलेल्या माणसाला घरचं कोणी भेटावं तशी ती बघायला लागली. तिनं वहिनीचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. मग पुढं त्या दोघी बोलतच राहिल्या, गाव कोणतं, विहीर कुठं, घरी म्हैस आहे का. मधेच वहिनी म्हणायची, "आता लाव जोर," आणि ती लावायची. डॉक्टर येईपर्यंत डोकं दिसायला लागलं होतं. मुलगा झाला, चांगला खणखणीत रडला.

मी भांडं घेऊन शेजारीच होते, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"सिस्टर, तुम्ही आपल्यातल्याच?" मुलगी म्हणाली. अजून मनगट धरलेलंच होतं.

"हो."

"मग कुंकू काहून नाही लावलं? इथं लावू नाही देत का?"

हो म्हण, मी मनात म्हटलं. देत नाहीत म्हण. एक शब्द म्हण आणि सूट. वहिनीनं बाळाची नाळ बांधून झालेली पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाली, "माझे मालक नाहीत."

मुलीनं मनगटावरचे हात काढून घेतले. झटकले नाहीत, हळूच काढले, एवढं मी तिच्या बाजूनं सांगते.

रिवाजाप्रमाणे वहिनीनंच बाळ गुंडाळून बाहेर नेलं आणि सासूच्या हातात दिलं. सासूनं कौतुकानं घेतलं. मग ती आत सुनेला भेटायला गेली, आणि थोड्या वेळानं वॉर्डात आमच्यासमोर येऊन उभी राहिली. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. पण तिनं हात जोडले. "बाई, तुमचा काही दोष नाही बापा. माझी सून वाचली, लेकरू वाचलं. पण आमच्या घरचं पहिलं लेकरू आहे." तिला एवढंच हवं होतं की बाळाला दुसऱ्या कोणी पुन्हा आंघोळ घालावी आणि पुन्हा तिच्या हातात द्यावं, म्हणजे पहिला हात त्या दुसरीचा ठरला.

बाळाला पुन्हा आंघोळ घातली ती केरळच्याच एका सिस्टरनं. मला राहवलं नाही. मी सासूला म्हटलं, "हिच्याही कपाळावर कुंकू नाही, काकू."

ती अगदी शांतपणे म्हणाली, "त्यांच्यात नसतेच ना, बेटा."

बाळाला काही झालं नाही. चांगलं बाळसं धरून घरी गेलं. पण बाळाआधी बातमी क्वार्टरांत पोचली होती. मराठी बायका भरती होतानाच विचारायला लागल्या, ती विधवा सिस्टर आज आहे का? मग त्यांच्या हिंदी शेजारणी विचारायला लागल्या, कारण विधवा सगळ्यांच्या घरी सारखीच असते. मोठ्या सिस्टर दोनचारदा पेशंटांवर खेकसल्या, नंतर त्याही कंटाळल्या. वहिनीला चादरी मोजायला, बाटल्या धुवायला पाठवू लागल्या. एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मराठी मत बोला करो. हिंदी में काम चलाओ, कौन पूछता है?" सल्ला वाईट नव्हता. लोक विसराळू असतात, बायका बाळंत होऊन घरी जातात, नव्या येतात. वर्षभरात वहिनी पुन्हा मद्रासी झाली असती.

"बाई कळा देऊन राहिली, तिला माझं बोलणं समजते, अन् मी मुकी बसू?" वहिनी मला म्हणाली.

"मग टिकली लाव."

"काय?"

"टिकली. ड्यूटीवर लाव, खोलीत आलीस की काढ. आई इथं बघायला येऊन नाही राहिली." मी डबीसुद्धा आणली होती. मला वाटत होतं हा किती साधा प्रश्न आहे. मी सदर बाजारातल्या दुकानातून टिकल्यांची डबी आणून तिच्या उशीवर ठेवली होती आणि वर तिला सुनावत होते, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलं तू. आता निस्तर."

तिनं डबी उघडून पाहिली. "कोणाच्या नावाची लावू?"

"माझ्या नावाची लाव."

ती हसली. मग हसायची थांबली. "मी तुझ्या दादाच्या नावाचं कुंकू पुसलं नव्हतं, ताई. बायांनी हात धरून पुसून घेतलं माझ्याकडून. तेव्हा मी नाही म्हणत होती. आता काम मिळावं म्हणून परत लावू?"

डबी माझ्या पेटीत गेली.

मेट्रनबाई वाईट नव्हत्या. वयस्क, ख्रिस्ती, इतकी वर्षं इस्पितळ चालवून थकलेल्या. वहिनी आत गेली तेव्हा दार अर्धं उघडं राहिलं होतं, मी बाकावरून ऐकत होते. "तुम्हारा हाथ अच्छा है, मुझे मालूम है," त्या म्हणाल्या. "मगर औरत हाथ से ही डरेगी, तो हाथ क्या करेगा?" मी वाट बघत होते की वहिनी काहीतरी बोलेल. मी तिच्या जागी असते तर टेबल उलटवलं असतं आणि काही उपयोग झाला नसता.

ती बाहेर आली. "टीबी," म्हणाली.

"त्यांनी सांगितलं?"

"मीच मागितलं."

"काहून?"

"तिथं कोणी कपाळ नाही पाहत. त्यांना स्वतःच्याच घरच्यांनी टाकलेलं आहे, ताई. ते कोणाला काय विचारतील?"

मी रागातच आत गेले आणि उभ्या उभ्या म्हटलं, मला थिएटर द्या. मेट्रनबाईंनी मान हलवली. लेबर रूमला स्थानिक मुलगी पाहिजे, हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारी. कारखान्यांत भरती वाढली आहे, नागपूर-वर्ध्याकडच्या सुना येतात, त्यांना हिंदी समजत नाही. "तुम्हारी भाभी की जगह ख़ाली है," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला ते काम आवडत नाही. त्या म्हणाल्या, होईल सवय. त्यांनी वर माझ्या कपाळाकडे एकदा पाहिलं, हे मी शपथेवर सांगू शकते. मराठी बोलणारी हवीच होती त्यांना, फक्त भरल्या कपाळाची. माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. कुंकू मी सकाळी सवयीनं लावायची, कोणाच्याच नावाचं नाही.

मी ते काम केलं. चांगलं केलं असं लोक म्हणतात. मला बायका घाबरायच्या आणि माझं ऐकायच्या, त्यानं बाळंतपणं होतात. पण कमरेवर हात ठेवून उभं राहणं मला कधी जमलं नाही. माझा हात आधी दुखायचा. वहिनी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, टीबीच्या लांबट वॉर्डात. आम्ही फाटकाशी भेटायचो. ती वाळत चालली होती, बोलणं कमी झालं होतं. तिथल्या पेशंटांबद्दल सांगायची: कोणाला भेटायला बायको येत नाही, कोणाच्या मुलांना सांगितलंय की बाप गावाला गेला. एकदा मी विचारलं, लेबर रूमची आठवण येते का? तिनं विचारलं, आज किती झाली? मी सांगितलं. मुलगे की मुली? तेही सांगितलं. तेव्हापासून ती रोज विचारायची आणि मी रोज सांगायची, आणि मला ते सांगताना रडू यायचं.

माझं लग्न रेल्वेतल्या कारकुनाशी झालं, जबलपूरातच मदन महालला बिऱ्हाड केलं. एकाहत्तरची लढाई झाली त्या हिवाळ्यात मी पहिलटकरीण होते. आई माझ्याजवळ येऊन राहिली. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की मला दुसरं कोणी नको, वहिनी पाहिजे. आई हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. सकाळी पोटात दुखायला लागलं, आम्ही इस्पितळात आलो, माझ्याच लेबर रूममध्ये मी आडवी झाले. मी आईला म्हटलं, "आता बोलव तिला."

आईनं माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "ती टीबीच्या वॉर्डातून येईल. जंतू असतात."

माझ्या आईला आयुष्यात जंतू हा शब्द माहीत नव्हता. कोणाच्या तोंडून तिनं तो उचलला होता देव जाणे, पण बरोबर कामाला आणला. मी म्हटलं, "मी नर्स आहे, आई. आंघोळ करून, कपडे बदलून आली की झालं. तिथले डॉक्टरही इथं येतात." आईनं मान खाली घातली आणि पुन्हा म्हणाली, "जंतू असतात, बेटा." मी वॉर्डातल्या आयाला तिला बोलवायला पाठवलं.

वहिनी आली. आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, केस ओले. दारात उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं की कळ आलेली असताना मी हसले. "ये ना आत," मी म्हटलं. "तुझी जागा सांभाळून ठेवली आहे मी."

ती उंबऱ्यात थांबली. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई म्हणतात ते बरोबर आहे, ताई. मी इथंच थांबते."

"जंतू? तू मला जंतू सांगून राहिली?"

"लोकांची लेकरं घेतली मी, तेव्हा कधी भीती नाही वाटली. हे तुझं आहे. तुझ्या दादाच्या रक्ताचं. याला काही झालं म्हणजे?"

"काय होईल? तुझ्या हातानं कोणाला काय झालं आजवर?"

ती हळू म्हणाली, "मला आता समजत नाही, ताई, मी जंतूंना भिऊन राहिली का दुसऱ्या कशाला."

मी ओरडले तिच्यावर. रोज बायकांना सांगायची की ओरडण्यात जोर घालवू नका, आणि मी होता नव्हता तो सगळा जोर तिला शिव्या देण्यात घालवला. ती उभी राहिली, गेली नाही, आणि आतही आली नाही. दारातूनच म्हणत होती, आता श्वास सोड, आता लाव जोर. मी तिचंच ऐकत होते. उशाशी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीचं नाव मला आज आठवत नाही. मुलगी झाली. त्या शिकाऊ मुलीला आमच्यातलं काय ठाऊक? तिनं बाळ पुसलं, गुंडाळलं, आणि दारात जे माणूस उभं होतं त्याच्यापुढे धरलं, "लीजिए दीदी." वहिनीनं वाकून माझ्या मुलीचं तोंड पाहिलं, चांगली आहे म्हणाली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.